मनूच्या प्रश्नाचं उत्तर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

कोलोरॅडोतल्या मीकरहून परत येताना रायफल नावाच्या गावापाशी तू विचारलं होतंस, "बाबा, तुला वाईट वाटलं का?" मागे कूलरमध्ये बर्फ आणि तू मारलेल्या एल्कचं, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचं, मांस, पुढे आपण दोघं, अंगाला धुराचा वास. सांगतो म्हणालो. मग तू जी झोपलीस ती आयझेनहॉवर बोगदा ओलांडून डेन्व्हरचे दिवे दिसेपर्यंत. पुढे तुझी शाळा, कॉलेजचे अर्ज, आणि आता तू त्या लांबच्या हॉस्टेलवर. परवा फोनवर सहज म्हणालीस की रूममेटला एल्कची गोष्ट सांगितली तर तिनेही तेच विचारलं, "तुझ्या वडिलांना काय वाटलं?" आणि तुला सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र. फोनवर मला असलं नीट बोलता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

आधी आजोबांबद्दल सांगावं लागेल. ते चंद्रपूरच्या जंगलात वनरक्षक होते एवढं तुला माहीत आहे. पण ते नोकरीला लागले तेव्हा शिकार कायदेशीर होती, हे बहुधा मी कधी सांगितलेलं नाही. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. परमिट काढून मोठी माणसं यायची, आणि त्यांना ब्लॉकची हद्द दाखवायला, मचाणापर्यंत न्यायला बीटचा, म्हणजे जंगलाच्या त्या भागाचा, गार्ड जायचा. आजोबा तरुणपणी गेलेले आहेत. 1970 मध्ये वाघाची शिकार बंद झाली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढची सगळी नोकरी त्यांनी शिकार करणाऱ्यांना पकडण्यात घालवली. नाक्यावर जप्त केलेल्या तारेच्या फाशांची वेटोळी टांगलेली असत. चितळासाठी वेगळी, रानडुकरासाठी वेगळी, जाड. पाणवठ्यात विष घालणारे असत, नंतर नंतर विजेच्या तारेवर आकडा टाकून करंट लावणारे आले. रात्री-अपरात्री निरोप यायचा, आजोबा सायकल काढायचे, आणि सकाळी आजीला एवढंच सांगायचे, "पीओआर फाडला." पीओआर म्हणजे गुन्ह्याचा पहिला कागद. आमच्या घरात शिकारी म्हणजे आरोपी, दुसरा अर्थच नव्हता.

आणि त्या घरातल्या माझ्यासमोर एक दिवस जेवताना तू म्हणालीस की तुला धनुष्यबाणाने एल्क मारायचा आहे.

तुझ्या हातात धनुष्य आलं ते शिकारीसाठी नव्हे. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड धनुष्यात जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जिंकला, आणि आजीने चंद्रपूरहून फोन करून मला ते तीनदा सांगितलं. नागपूर म्हणजे तिच्या दृष्टीने घरचंच. तू ते सामने बघितलेस आणि आर्चरी रेंजवर नाव घातलंस. तिथे शेजारच्या लेनमध्ये सराव करणारे निम्मे लोक सप्टेंबरची तयारी करत होते. कोलोरॅडोत एल्कचा धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरभर असतो. त्यांच्या गप्पा ऐकत तू तिकडे वळलीस. आम्हाला सांगण्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करून कार्डही काढून ठेवलंस. आईने चमचा खाली ठेवला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तू म्हणालीस, "मटण खातोच ना आपण? ते कोण मारतं, कधी बघितलंय का?" यावर मी बरंच बोललो असेन, पण उत्तर असं काही दिलं नाही.

गाईड घ्यायचा ही अट मात्र माझी होती. इथल्या रहिवाशांना गाईडची सक्ती नाही, हे तू मला नियमपुस्तक उघडून दाखवलंस. पण मला एल्कचं शेपूट कुठे आणि तोंड कुठे तेही माहीत नव्हतं, आणि तू कितीही अचूक बाण मारलास तरी रेंजवर कुणी पळून जात नाही. राज्याकडे नोंदणी असलेला, नॅशनल फॉरेस्टचा परवाना असलेला माणूस शोधला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात आपण सगळे भारतात जाऊन येतो." तिचं चूक नव्हतं. जंगलात जाण्यासाठी इतके पैसे मोजावे लागणं मला आजही खटकतं. तिथे शेजारच्या तंबूत फक्त शिंगांसाठी आलेले एक गृहस्थ होते. भिंतीवर कोणती जागा रिकामी आहे याचा फोटो ते सगळ्यांना दाखवत होते. त्यांच्यात आणि आजोबा ज्यांना मचाणावर नेत त्या साहेबांत मला फार फरक दिसला नाही.

फ्लॅट टॉप्सचं डोंगरपठार मात्र मला आवडलं. तीन हजार मीटरवर, माथा सपाट, मध्ये तळी, आणि उतारांवर पिवळी झालेली अ‍ॅस्पनची झाडं. 2002 च्या मोठ्या आगीत जळालेली झाडं ट्रॅपर्स लेकच्या आजूबाजूला अजून काळी-करडी उभी आहेत. या तळ्याकाठी बंगले बांधायचे म्हणून 1919 मध्ये वनखात्याने आर्थर कारहार्ट नावाच्या तरुणाला मोजणी करायला पाठवलं, आणि त्याने परत येऊन सांगितलं की इथे काहीच बांधू नका. खात्याने ते ऐकलं! आजोबा असते तर त्यांनी ही गोष्ट माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली असती. वाइल्डरनेसच्या, म्हणजे जंगल अस्पर्श ठेवण्याच्या, कायद्यामुळे तिथे चाकाचं काहीच चालत नाही, सायकलसुद्धा नाही. म्हणून घोडे आणि खेचरं. तू घोड्यावर बसल्या बसल्या त्याच्याशी मराठीत बोलायला लागलीस आणि तो चालायला लागला, तेव्हा गाईडने माझ्याकडे बघून टोपी वर केली.

त्या मुलखाबद्दल अजून एक. ही सगळी शिकारीची जमीन यूट या मूळनिवासी लोकांची होती. 1879 मध्ये नेथन मीकर नावाच्या सरकारी एजंटाने त्यांना शेतकरी बनवायचा हट्ट धरला, त्यांच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नांगर घातला. त्यातून रक्तपात झाला आणि दोन वर्षांत व्हाइट रिव्हरच्या यूटांना युटामध्ये हाकललं. गावाला नाव त्या एजंटाचं. आपण त्याच गावात नाश्ता केला.

गाईडचा स्वभाव तुला जसा पहिल्या दिवशी कळला तसा मला कळायला वेळ लागला. मी विचारलेल्या प्रश्नांना तो "बघू" म्हणायचा, तू विचारलेल्यांना जमिनीवर काडीने काढून दाखवायचा. माझं जॅकेट त्याने हुंगलं आणि रात्रभर तंबूबाहेर झाडाला टांगून ठेवलं, हिंगाचा वास जाईना म्हणून. त्याच्याकडे पावडरची छोटी बाटली होती, दर थोड्या वेळाने ती दाबून हवेत पांढरा फुफाटा उडवायचा आणि तो कुठे जातो बघायचा. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन लागलं की तीच वर चढू लागते, आणि मधल्या वेळात वारा कुणाचाच नसतो. त्या वेळात तो आपल्याला जिथे असू तिथे खाली बसवायचा. एल्कला डोळ्यांनी दिसलात तर तो थोडा वेळ विचार करतो, कानाने ऐकलात तरी थांबतो, पण वास गेला की संपलं. मी घाईचा माणूस, तुला माहीत आहे. तुला तिथे पाय दुमडून, धनुष्य मांडीवर ठेवून, काही न करता बसलेली बघत होतो. घरी तू जेवायलासुद्धा एवढी बसत नाहीस.

आणि तो आवाज. एवढं तीनशे किलोंचं जनावर, आणि आवाज बासरीवाल्याने चुकून वरचा स्वर लावावा तसा बारीक. खालून सुरू होतो, चढत जातो, आणि शेवटी दोन-तीन हुंकार. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तू माझा दंड इतका आवळलास की नंतर निळा झाला होता. गाईडने तोंडात धरायच्या पडद्याच्या शिट्टीवर मादीचा आवाज काढला आणि झाडीतून जो बाहेर आला तो वर्ष-दीड वर्षाचा पोरगा, डोक्यावर फांदी न फुटलेली दोन सरळ शिंगं. अठरा यार्डांवर उभा, नाक वर करून. तुझं धनुष्य अर्धं ताणलेलं. गाईडने फक्त मान हलवली. तिथल्या नियमाप्रमाणे नराच्या एका शिंगाला चार टोकं तरी हवीत, नाहीतर कपाळाजवळचं टोक पाच इंचांचं. तू धनुष्य उतरवलंस. तो पोरगा बराच वेळ आपल्याकडे बघत राहिला, मग गवत खाऊ लागला. त्या रात्री तंबूत तू म्हणालीस की तो गेला याचं तुला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आपण शिकारी नाही की काय अशी शंका आली. मी झोपेत असल्यासारखं केलं. मला ते ऐकायचं होतं, त्यावर बोलायचं नव्हतं.

मग ती मादी. तुझ्याकडे नर-मादी दोन्हीचं लायसन्स होतं. गाईडने आदल्या संध्याकाळीच दुर्बिणीतून तो कळप बघून ठेवला होता. त्या मादीबरोबर पिल्लू नव्हतं, हे त्याने दोनदा खात्री करून सांगितलं. सकाळी ती एकटीच अ‍ॅस्पनमधून खाली आली. तुझ्या धनुष्याचा ताण पंचेचाळीस पौंड. कायद्याला पस्तीस पुरतात, पण गाईडने तुझ्यासाठी मर्यादा आखून दिली होती: तीस यार्डांच्या आत, आणि जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच. ती चोवीसवर आली. गाईडने हलकेच आवाज काढून तिला थांबवलं. तू ताणलेलं धनुष्य धरून किती वेळ होतीस ते मला सांगता येणार नाही. मला तुझा चेहरा दिसत नव्हता, फक्त कोपर दिसत होतं, आणि ते हलत नव्हतं.

बाण लागल्याचा आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा नसतो, कोणी काही सांगो. तो छोटा असतो. ती उसळली आणि स्प्रूसच्या काळोख्या झाडीत घुसली, फांद्या मोडत गेली, मग काहीच ऐकू येईना.

आणि इथून पुढे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

गाईडने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, आता बसायचं. धनुष्याच्या शिकारीत बाण लागला की मागे धावायचं नसतं. जनावराला कळत नाही काय झालं, ते थोडं जाऊन आडवं होतं. तुम्ही मागे लागलात तर ते जीव घेऊन पळतं आणि मैलभर जाऊन मरतं, कदाचित सापडतही नाही. फुप्फुसात लागला असेल तर अर्धा तास थांबायचं, यकृतात तर कितीतरी तास, आतड्यात लागला तर त्याहूनही जास्त. आणि कुठे लागलाय हे आपल्याला माहीत नव्हतं. तुला वाटत होतं बरोबर लागला. खात्री नव्हती. तू थरथरत होतीस, दात वाजत होते, ऊन होतं तरी. तो अर्धा तास मला वाईट वाटलं. मेली म्हणून नाही, ती झाडीत कुठेतरी असेल आणि मेली नसेल म्हणून. लहानपणी आजोबांबरोबर एकदा फाशात अडकलेलं चितळ बघितलं होतं, त्याच्या पायाची तार हाडापर्यंत गेली होती आणि ते रात्रभर तसंच होतं. त्या अर्ध्या तासात मला ते चितळच दिसत होतं. त्या वेळी तू विचारलं असतंस तर मी म्हणालो असतो, घरी जाऊ.

मग बाण सापडला. पिसापर्यंत गुलाबी, आणि त्यावर बारीक बुडबुडे. गाईडने तो तुझ्या हातात दिला आणि म्हणाला, बुडबुडे म्हणजे फुप्फुस. पुढचा माग तुला काढायला लावला. मला काम दिलं शेवटच्या थेंबापाशी उभं राहायचं. पुढचा थेंब तुला सापडून तू हात वर करेपर्यंत मी तिथून हलायचं नाही, पाय इकडचा तिकडे करायचा नाही, नाहीतर माग तुटतो. तू वाकून, कधी गुडघ्यांवर, पानं न हलवता पुढे जायचीस. एक थेंब अ‍ॅस्पनच्या पिवळ्या पानाच्या मागच्या बाजूला होता, तो तू पान उलटून काढलास. गाईडलाही दिसला नव्हता. एका ठिकाणी बराच वेळ काही मिळेना. तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस, मी जिथे होतो तिथेच आहे ना याची खात्री केलीस, आणि पुन्हा वाकलीस. मला तेव्हा कळलं की तू माझ्याकडे नाही, माझ्या पायाजवळच्या थेंबाकडे बघते आहेस. दिशा धरण्यासाठी. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट फार बरं वाटलं.

शंभर मीटरही गेली नव्हती ती. पडलेल्या ओंडक्यापलीकडे, मान लांब करून. मेल्याची खात्री करायला गाईडने मागून जाऊन काठीने डोळ्याला स्पर्श केला. तू तिच्या गळ्यावर हात ठेवलास आणि थोडं रडलीस, मीही. हे तुझ्या रूममेटला सांगायला हरकत नाही.

त्यानंतर तू जे केलंस ते मला सगळ्यात जास्त लक्षात आहे. खिशातून लायसन्सचा टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी, काढलास, तारीख घातलीस, सही केलीस. हात रक्ताने माखलेले, म्हणून पेन दातात धरून टोपण काढलंस. मला एकदम आजोबांचा पंचनामा आठवला. तेही असेच मांडीवर कागद ठेवून जंगलात लिहायचे: जनावर कोणतं, नर की मादी, जागा, वेळ. मेलेल्या प्रत्येक जनावराचा कुणीतरी हिशोब ठेवलाच पाहिजे, यावर त्यांची नोकरी उभी होती. तुझाही हिशोब होता. मांसापासून मादी असल्याची खूण वेगळी करायची नाही, चारही पाय, पाठीची मांसपट्टी, आतली मांसपट्टी सगळं आणायचं, खाण्याजोगं टाकून दिलं तर गुन्हा. पोट न फाडता एका बाजूचं कातडं काढून मांस उतरवायचं, मग उलटं करायचं, हे तू सुरीने केलंस आणि मी पाय धरून उभा होतो. खुब्याच्या हाडाजवळ ऊब अडकते आणि मांस तिथूनच बिघडतं, म्हणून ते आधी उघडायचं. सत्तर किलोंच्या आसपास भरलं. सुती पिशव्यांत घालून सावलीत टांगलं, खेचरं आली ती दुपारी.

तर उत्तर: हो, वाटलं. अर्धा तास फार, नंतर थोडं, आणि अजूनही मधूनमधून. पण तू चूक केलीस असं वाटलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे मला त्या डोंगरावर जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आजीला मी महिनाभर काही बोललो नाही. मग दिवाळीच्या फोनवर तूच सांगून टाकलंस. "कायले मारलं वं?" असं तिने विचारलं, आणि तू तिला सगळं समजावत बसलीस: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथले एल्क जवळजवळ संपले होते, वायोमिंगमधून आगगाडीने आणून सोडले, आता अडीच लाखांच्या वर आहेत, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. लायसन्सच्या पैशातून वन्यजीव खातं चालतं. बंदुकांवरचा कर 1937 पासून वन्यजीवांसाठी राखला, आणि 1972 च्या कायद्याने तो धनुष्यबाणांवरही आला. 1972 ऐकून मी दचकलो होतो. त्याच वर्षी तिकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुह्या आजोबानं तुहा पीओआर फाडला असता." मग विचारलं, सावजी मसाला आहे का घरी.

कुणी मला विचारलं की मग तिकडेही परमिट सुरू करावं का, तर मी नाही म्हणेन. मामाच्या शेतात रोही आणि रानडुकरं हरभऱ्याचं काय करतात ते मी बघितलंय, त्याचा राग मला कळतो. पण तिथे एका बीटवर एक गार्ड, आणि जंगलाच्या कडेला गावाला लागून गाव. इथे तुझ्या टॅगवर विश्वास ठेवता येतो कारण माणसं कमी आणि तपासणारे बरे आहेत. तिथे त्याच टॅगच्या आड काय काय जंगलाबाहेर गेलं असतं ते आजोबांनी पहिल्या आठ-दहा वर्षांत बघितलं होतं.

बाकी घरचं. सीडब्ल्यूडीचा, म्हणजे हरणांच्या मेंदूला होणाऱ्या रोगाच्या तपासणीचा, अहवाल निगेटिव्ह आल्याशिवाय आईने एक तुकडा शिजवला नव्हता, हे तुला आठवत असेल. तो रोग पहिल्यांदा 1967 मध्ये आपल्यापासून तासाभरावर फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातच दिसला, हे वाचल्यापासून ती दर सप्टेंबरला मला बातम्या पाठवते. फ्रीझरमध्ये अजून नडगीची चार पाकिटं आहेत. कुकरला भरपूर शिट्ट्या लागतात, चरबी नाही म्हणून तेल मटणापेक्षा जास्त घालावं लागतं, पण सावजीत उत्तम होतं. थँक्सगिव्हिंगला येशील तेव्हा करू. गाईडने काढून दिलेले दोन सुळे तुझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. ते आजीला दाखवायला भारतात न्यायचे म्हणालीस, ते मात्र नेऊ नकोस. वाघनखाची लॉकेटं जप्त करण्यात आजोबांची हयात गेली, त्यांच्या नातीला विमानतळावर दात दाखवून कागद मागितलेले मला चालणार नाहीत.

आणि पुढच्या वर्षी गाईडशिवाय जायचं, हे तू फोनवर दोनदा बोललीस. माझा विचार असा आहे: डोंगराच्या खालच्या बाजूला, गाडीरस्त्यापासून दोन मैलांच्या आत, आणि फक्त मादी. सत्तर किलो पाठीवर आणायचे म्हणजे किती फेऱ्या होतील ते तूच काढ, माझे गुडघे धरून. तुझ्या धनुष्याची दोरी बदलायला झाली आहे, दुकानात टाकतो. आईला अजून विचारलेलं नाही. ते तू विचार.

तुझा,
बाबा